सुपर मार्केट हे दुकान नव्हे

कलबुर्गीत कुणी ‘सुपर मार्केटात मिळेल’ म्हणाले, तर काचेचे दार आणि ढकलगाड्या शोधू नका. सुपर मार्केट हे तिथल्या मुख्य बाजारपेठेचे नाव आहे. कापडाची, भांड्यांची, चपलांची दुकाने, बोळांतले शिंप्यांचे गाळे, टोपल्या मांडून बसलेल्या बायका आणि त्या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या रिक्षा, हे सगळे मिळून सुपर मार्केट. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा एका पानटपरीवाल्याला विचारले, ‘सुपर मार्केट कुठं आलं?’ त्याने पानाला चुना लावता लावता हातातल्या काडीनेच जमिनीकडे खूण केली. ‘इदे री,’ म्हणाला. म्हणजे, हेच की.

नवख्या माणसाने अनोळखी शहरात कसे वावरावे, हे सांगताना मी तिथूनच सुरुवात करतो. प्रत्येक शहराला दोन नावे असतात, एक पाटीवरचे आणि एक तोंडातले. नकाशा पाटीवरचे नाव दाखवतो, वाट मात्र तोंडातल्या नावाने सापडते. आणि कलबुर्गी, बीदर ही तर सीमेवरची शहरे. इथे एकेका जागेला कानडी, दखनी, मराठी आणि सरकारी अशी तीन-चार नावे सहज असतात.

मराठी माणूस इकडे कमी येत नाही. गाणगापूरच्या पादुकांसाठी येतो, हुमनाबादजवळच्या माणिकनगरला येतो, मुलांच्या प्रवेशासाठी येतो, दवाखान्यासाठी येतो, शेताच्या जुन्या खटल्याच्या तारखेला येतो, सोयरिकीला तर येतोच. येताना तो दोन समजुती बरोबर आणतो. एक म्हणजे कर्नाटक लागले की सगळे परके. दुसरी याच्या अगदी उलट, की इथे सगळ्यांना मराठी येतेच. पहिल्या समजुतीमुळे माणूस उगाच धास्तावतो, दुसरीमुळे उगाच हुज्जत घालतो. दोन्ही घरी ठेवून यावे.

नावांचा उलगडा

१ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने राज्यातल्या बारा शहरांची नावे बदलली, त्यात गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. रेल्वेच्या तिकिटावर, फलाटावर, बसच्या पाटीवर आता कलबुर्गीच आहे. गावात मात्र दोन्ही चालतात. जुन्या पिढीच्या तोंडी अजून गुलबर्गा आहे, विद्यापीठाचे नावही गुलबर्गा विद्यापीठच राहिले आहे. ‘कल्लु’ म्हणजे दगड, आणि दगडांचे गाव ते कलबुर्गी, असे लोक सांगतात. ते पटायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या अंगणात आणि मोरीत जी शहाबादी फरशी असते, तिचे शहाबाद याच जिल्ह्यात, कलबुर्गीच्या पुढे रेल्वेमार्गावरच आहे.

आता विद्यापीठाचाच विषय घ्या. मुलाच्या प्रवेशासाठी आलेले पालक रिक्षात बसून नुसते ‘युनिव्हर्सिटी’ म्हणतात आणि फसतात. गुलबर्गा विद्यापीठ सेडम रोडच्या बाजूला आहे. शरणबसव विद्यापीठ शहरात आहे. ख्वाजा बंदेनवाजांच्या नावाचे विद्यापीठ वेगळे, त्याला लोक ‘केबीएन’ म्हणतात. आणि केंद्रीय विद्यापीठ तर शहरापासून बरेच लांब, आळंद रोडवर कडगंचीला. प्रवेशपत्रावरचे पूर्ण नाव आणि रस्त्याचे नाव, दोन्ही सांगितल्याशिवाय रिक्षात बसू नका.

सेडम रोडचेही तसेच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ईएसआयचे रुग्णालय, पुढे विद्यापीठ आणि बुद्धविहार, हे सगळे सेडम रोडच्याच अंगाला. ‘सेडम रोडला सोडा’ म्हटले तर रिक्षावाला कुठेही सोडू शकतो आणि त्यात त्याची चूक नसते. पेशंट बरोबर असेल तर दवाखान्याचे नाव आणि जवळच्या सर्कलचे नाव आधीच कागदावर लिहून घ्या. चौकाला इथे ‘सर्कल’ म्हणतात: जगत सर्कल, तिम्मापुरी सर्कल, सरदार पटेलांच्या पुतळ्याचे एसव्हीपी सर्कल. ही तीन नावे ध्यानात राहिली तरी शहराच्या मध्यभागी कुणी हरवत नाही. पत्ता सांगताना माणसे यांतल्याच एखाद्या सर्कलपासून सुरुवात करतात.

देवळाच्या बाबतीत एक शब्द मराठी कानाला हमखास चकवतो. कुणी म्हणेल, ‘अप्पन गुडी’. आपल्याला गुढी आठवते. कानडीत गुडी म्हणजे देऊळ. अप्पांचे देऊळ म्हणजे शरणबसवेश्वर मंदिर, आणि त्याच्या बाजूचा तलाव म्हणजे ‘अप्पन केरे’. शरणबसवेश्वर (१७४६–१८२२) हे दासोहासाठी, म्हणजे आल्यागेल्याला जेवू घालण्यासाठी ओळखले जाणारे संत. पाटीवर त्यांचे लांबलचक नाव आहे, लोकांच्या तोंडी नुसते ‘अप्पा’.

धान्यबाजाराला इथे ‘गंज’ म्हणायचे. कलबुर्गीत नेहरू गंज, बीदरमध्ये गांधी गंज. पेटीला गंज चढतो त्या गंजाशी याचा संबंध नाही. निजामाच्या राज्यातल्या गावांत बाजारपेठेला हाच शब्द होता, लातूर-उदगीरकडच्या वाचकांना तो माहीत असेल.

उतरताना आणि चढताना

कलबुर्गी मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावर आहे आणि मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येते. सोलापूरहून गाड्या भरपूर, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राकडून येणाऱ्याने रेल्वेनेच यावे. स्टेशन आणि सेंट्रल बसस्टँड एका जागी नाहीत, मध्ये रिक्षा करावी लागते, तो वेळ हिशेबात धरा.

गाणगापूरला जाणाऱ्यांची एक चूक मी वारंवार पाहिली आहे. सोलापूर आणि कलबुर्गीच्या मध्ये ‘गाणगापूर रोड’ नावाचे स्टेशन आहे. नावावरून वाटते, उतरले की देऊळ. प्रत्यक्षात तिथून गाव वीसेक किलोमीटर लांब आहे. पुढचे वाहन मिळेल याची खात्री असेल तरच तिथे उतरा. रात्रीची गाडी असेल किंवा बरोबर म्हातारी माणसे असतील, तर सरळ कलबुर्गीला उतरून सकाळची बस धरावी. गावापासून भीमा-अमरजेचा संगम आणखी तीनेक किलोमीटर आहे. दुपारी बाराला माधुकरीची वेळ असते. दत्त महाराज त्या वेळी कोणत्याही रूपात भिक्षेला येतात अशी श्रद्धा असल्यामुळे माणसे हातात अन्न घेऊन उभी असतात. ते पाहायचे असेल, त्यात वाटा उचलायचा असेल, तर अकरापर्यंत गावात पोचा. पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला खोली मिळेल या भरवशावर जाऊ नका.

बीदर वेगळ्या रेल्वेमार्गावर आहे: विकाराबादहून बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर करत लातूर रोडकडे जाणारा तो मार्ग. मुंबईहून लातूरमार्गे बीदरला थेट गाडी येते. बीदर आणि कलबुर्गी ही शेजारशेजारच्या जिल्ह्यांची गावे, पण त्यांना जोडणारी ११० किलोमीटरची रेल्वे सुरू व्हायला २९ ऑक्टोबर २०१७ उजाडले. त्या मार्गावर गाड्या अजून मोजक्याच आहेत. हुमनाबादवरून जाणारी बस हाच या दोन शहरांमधला रोजचा दुवा.

बस इथे केकेआरटीसीची, म्हणजे कल्याण कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाची. मुख्यालय कलबुर्गीतच आहे. पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटक भागाला २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणतात. बसच्या कपाळावरची पाटी कानडीत असते आणि इथे नवखा माणूस गोंधळतो. उपाय सोपा आहे. पाटी वाचत बसू नका, कंडक्टरच्या तोंडाकडे लक्ष द्या. बस फलाटाला लागली की तो ‘आळंद आळंद आळंद’, ‘हुमनाबाद बीदर, हुमनाबाद बीदर’ असे ओरडत असतो, आणि त्यात कुठलीही लिपी आड येत नाही. तरीही चढताना दारातच गावाचे नाव घेऊन एकदा विचारा. दुकानांच्या पाट्यांवर निदान साठ टक्के जागा कानडीला द्यावी असा कायदा कर्नाटकाने २०२४ मध्ये कडक केला, तेव्हा पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत इंग्रजी नाव शोधायची सवय लावून घ्या.

बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेखाली सरकारी साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही. पण ती सवलत कर्नाटकच्या रहिवासी बायकांना आहे, कंडक्टर ओळखपत्र मागतो. महाराष्ट्राच्या पत्त्याचे आधार कार्ड असेल तर पूर्ण तिकीट पडते. त्याचप्रमाणे आपल्या एसटीत बायकांना मिळणारी निम्म्या तिकिटाची सवलत इकडच्या बसमध्ये चालत नाही. उमरग्याची एक बाई कंडक्टरशी यावरून चांगली पंधरा मिनिटे भांडताना मी पाहिली आहे. तिच्या शेजारची भालकीची बाई फुकट बसली होती आणि हिला पैसे पडत होते, तिचा जीव जळणे साहजिक होते. आधी माहीत असते तर तो ताप वाचला असता.

सीमाप्रश्न तापला की सगळ्यात आधी थांबतात त्या दोन्ही राज्यांच्या बस. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावकडे बसमध्ये भाषेवरून झालेल्या वादानंतर तसेच झाले. सीमेपलीकडे परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा लग्न असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या पाहा आणि शक्य असेल तर रेल्वेचे आरक्षण हाताशी ठेवा.

रिक्षात बसताना ‘सीट’ की ‘स्पेशल’ ते आधी बोला. सीट म्हणजे इतरांबरोबर भरून, माणशी भाडे. स्पेशल म्हणजे आख्खी रिक्षा तुमची. रिकाम्या रिक्षात काही न बोलता बसलात तर ती स्पेशल धरली जाते. भाडे बसण्याआधी ठरवावे, उतरल्यावर घासाघीस करू नये. लॉजवाल्याला किंवा चहावाल्याला ‘इथून तिकडे किती घेतात?’ एवढे विचारून निघालात की पुरे.

तोंडातली पहिली दोन वाक्ये

बीदर जिल्ह्यात भालकी, औराद, बसवकल्याण, कमलनगर या बाजूला मराठी घराघरांत आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्राकडे, आणि उरलेले बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. सीमा कागदावर आखली गेली, माहेर-सासर होते तिथेच राहिले. कलबुर्गीत मराठी कमी, तरी जुनी आहे. तिथले नूतन विद्यालय १९०७ चे, निजामाच्या राज्यात राष्ट्रीय वृत्तीच्या शिक्षणासाठी निघालेल्या पहिल्या शाळांपैकी एक.

तेव्हा मराठी समजणारा माणूस दोन्ही गावांत भेटेल. पण पहिले वाक्य कानडीत बोला, मोडके असले तरी चालेल. मी हे सौजन्य म्हणून सांगत नाही, अनुभवाने सांगतो. ‘ए भाऊ, गाणगापूरची बस कुठली?’ असे विचारले तर समोरचा बोट दाखवतो. ‘अण्णा, गाणगापुरक्क होग्तद री?’ असे विचारले तर तो उठून चार पावले बरोबर येतो.

त्यातला ‘री’ सगळ्यात मोलाचा. आपल्या ‘जी’सारखा, किंवा ‘हो’च्या पुढच्या ‘साहेब’सारखा तो आदराचा शब्द आहे, कशालाही जोडता येतो. हौद री म्हणजे होय जी. इल्ला री म्हणजे नाही जी. ‘री’ गाळला की बोलणे अरेतुरेचे होते आणि वडीलधाऱ्या माणसाला ते खटकते. हाक मारताना अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द आपलेच आहेत, ते बिनदिक्कत वापरा.

मग तीन जुळे शब्द: एल्लि म्हणजे कुठे, इल्लि म्हणजे इथे, अल्लि म्हणजे तिथे. एष्टु म्हणजे किती. बेकु म्हणजे हवे, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे. नीरु म्हणजे पाणी आणि ऊटा म्हणजे जेवण. ‘री’ धरून हे दहा शब्द झाले. भाडे किंवा किंमत कानडीत ऐकू आली तर हत्तु म्हणजे दहा, इप्पत्तु म्हणजे वीस, ऐवत्तु म्हणजे पन्नास, नूरु म्हणजे शंभर.

आणि अडलात की म्हणा, ‘कन्नड बरल्ला री.’ या वाक्यावर मी जरा थांबतो. बरल्ला म्हणजे येत नाही. मराठीत भाषा ‘येते’, तशी कानडीतही ती ‘येते’. हिंदीतही ‘आती है’ म्हणतात, पण इंग्रजीसारख्या भाषेत माणूस भाषा जाणतो, ती त्याच्याकडे चालत येत नाही. मराठी आणि कानडी तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारणी. दोन भाषा घराण्यांनी वेगळ्या, एक संस्कृतच्या कुळातली, एक द्राविडी, पण वाक्याचा सांगाडा एकमेकींच्या घरी वाढलेला. म्हणून कानडी मराठी माणसाला लवकर जमते. ‘कन्नड बरल्ला री’ म्हटले की समोरचा बहुधा दखनीवर येतो, आणि तिथे तर तुम्ही घरचेच. दखनीतला ‘नक्को’ हा मराठीतला ‘नको’च आहे.

दुपार कुठे काढावी

कलबुर्गीचा उन्हाळा कडक. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि काळी जमीन, फरशीचे दगड सगळे तापून उठते. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर फिरा. दुपारी बाहेर राहावेच लागले तर किल्ल्यातली जामी मशीद गाठा. १३६७ मध्ये बांधलेली ही मशीद भारतातल्या बहुतेक मोठ्या मशिदींपेक्षा वेगळी आहे, कारण तिला उघडे अंगण नाही. सगळा भाग छताखाली. आत शिरलात की कमानीमागे कमान, कमानीमागे कमान, आणि अंगावर गार सावली. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहामनी राज्याची राजधानी आधी इथे होती, पुढे ती बीदरला गेली. किल्ल्यातली लांबलचक तोफ पाहायला मुले हट्ट धरतील, ती संध्याकाळी दाखवा. धातू आणि दगड दुपारी हात लावू देत नाहीत.

ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्या दर्ग्यात (त्यांचे निधन १४२२ चे) सर्व धर्मांची माणसे येतात. डोके झाकायला रुमाल किंवा पदर असू द्या, चपला ठेवण्यासाठी सुटे पैसे असू द्या. गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी दुपारी तिकडच्या रस्त्यांवर वाहने हलत नाहीत. उरूस जिल्काद महिन्यात असल्याने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. शरणबसवेश्वरांचा रथ मात्र होळीनंतर पाचव्या दिवशी ठरलेला. या दोन उत्सवांच्या दिवसांत केवळ कामासाठी येणाऱ्याने येऊ नये, आणि शहर पाहायचे असेल त्याने याच दिवसांत यावे.

जेवणासाठी ‘खानावळी’ अशी पाटी शोधा. शब्द आपलाच, शेवटी फक्त ईकार. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे तेलावर परतलेली भरली वांगी, शेंगाची चटणी, वर ताक. ‘पुंडी पल्ले’ असे वाढप्याने विचारले तर होय म्हणा, ती आपली अंबाडीची भाजी आहे आणि कलबुर्गीसारखी ती क्वचितच कुठे मिळते. भाकरीत कडक आणि मऊ असे दोन प्रकार असतात. वाढपी न विचारता भाकरी टाकत राहतो, थांबवायचे असेल तर ‘साकु री’. मांसाहार करणाऱ्यांनी जुन्या बाजाराकडे जाऊन मटण घातलेली तहारी खावी. बाजार आवरून निघताना नेहरू गंजात तूर डाळ घ्या. गुलबर्ग्याच्या तूर डाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पाच किलो नेलेत तर घरचे पुढच्या वेळी आपणहून पिशवी हातात देतील.

बीदरला घाई करू नका

बीदर कलबुर्गीहून सुमारे दोनशे मीटर उंच पठारावर आहे. हवा गार, शहर लहान, भुई तांबडी. कोकणातला जांभा दगड इथे पठारभर पसरला आहे. तो सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांतून बाहेर येते. गुरुनानक झिरा आणि नरसिंह झिरा ही दोन्ही ठिकाणे या पाण्यावरच उभी आहेत. गुरुद्वाऱ्यात सगळ्यांना पाणी आणि लंगर मिळतो, नवख्या गावात पहिल्या दिवशी पोटाची काळजी तेवढी मिटते. तिथेही डोके झाकायचे.

किल्ल्यात रंगीन महालाच्या दाराला बहुधा कुलूप असते. माणसे ते पाहून परत फिरतात. परत फिरू नका. किल्ल्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात जाऊन विनंती करा, दार उघडून दाखवतात. शिंपल्याचे जडावकाम काळ्या दगडात कसे बसवले आहे, ते दारातून डोकावून कळत नाही. शहराच्या मधोमध चौबारा हा गोल मनोरा आहे, तो लक्षात ठेवला की जुन्या गावात दिशा चुकत नाही. तिथून जवळच महमूद गवानचा मदरसा. गवान इराणातून आलेला वजीर. १४७२ मधली त्याची ही पाठशाळा पुढे दारूच्या स्फोटात अर्धी पडली. उरलेल्या भिंतीवरच्या निळ्या फरश्यांचे तुकडे सकाळच्या उन्हात पाहावेत.

सगळ्यांत जास्त वेळ ठेवा बिदरी कामासाठी. चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत कारागिरांची घरे आणि दुकाने आहेत. आत बोलावले तर जा, बसा, पाहा. जस्ताचे सुमारे सोळा भाग आणि तांब्याचा एक, असा धातू ओततात. त्यावर मोरचुदाने काळपट हात फिरवून टोकदार छिन्नीने नक्षी कोरतात, आणि कोरलेल्या खोबणीत चांदीची तार बोटाच्या नखाने टेकवत हातोडीने ठोकून बसवतात. इथवर वस्तू करडी असते, चांदी जेमतेम दिसते. मग येते किल्ल्यातली माती. वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागची ती माती कारागीर जिभेला लावून चव पाहतो आणि मगच घेतो. तिच्यात नवसागर आणि पाणी कालवून उकळी आणतात आणि वस्तू त्यात बुडवतात. बाहेर काढून चोळली की सगळा धातू काळाभोर झालेला असतो, चांदी मात्र तशीच पांढरी. ते पाहताना दुकानात बसलेले सगळे एकदम गप्प होतात, मी प्रत्येक वेळी झालो आहे.

खरेदी करताना वस्तू हातात घ्या, ती जड लागली पाहिजे. बोटाने घासून चांदी निघाली तर ती चांदी नव्हे. चांदी जितकी जास्त, तितकी किंमत जास्त, हे कारागीर स्वतःच सांगतो. लहान वस्तू घ्यायची असेल तर तार बारीक आहे का ते पाहा, त्यात हात कळतो. घरी आणल्यावर चिंच किंवा भांड्यांची पावडर लावू नका, काळा रंग जाईल. खोबरेल तेलाचा हात फिरवला की पुरतो. आणि फार घासाघीस करू नका. एका छोट्या डबीमागे कारागिराचे किती दिवस गेले, ते विचारून मग किंमत बोला.

अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो, रेल्वेत १३९. बाकी सगळ्यासाठी वर दिलेले दहा शब्द आहेत. सोलापूर सुटल्यावर कलबुर्गी यायला दीड-दोन तास लागतात. ते दहा शब्द पाठ व्हायला तेवढा वेळ पुरतो.